मोबाइलवर इशारा छापण्याचे कायदे का टिकले नाहीत?

प्रश्न : सिगारेटच्या पाकिटावर सक्तीने इशारा छापला जातो. मोबाइलच्या प्रारणांबाबतही असाच इशारा देण्याचे कायदे अमेरिकेत झाले होते, असे वाचले. त्यांचे पुढे काय झाले? आपल्याकडे अशी काही तरतूद आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मेन राज्यात 2010 मध्ये मोबाइलवर इशारा छापण्याचे विधेयक आले होते, ते विधिमंडळातच नामंजूर झाले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोने मात्र कायदा केला. प्रत्येक हँडसेटचे ‘एसएआर’ मूल्य, म्हणजे शरीराच्या ऊती दर किलोग्रॅममागे किती रेडिओ-ऊर्जा शोषून घेतात याचा आकडा, दुकानात लावणे त्यात बंधनकारक होते. मोबाइल कंपन्यांची संघटना ‘सीटीआयए’ न्यायालयात गेली. शहराने आकड्यांऐवजी माहितीपत्रक देण्याची दुरुस्ती केली. पण त्यातला मजकूर निखळ आणि निर्विवाद वस्तुस्थितीचा नाही, म्हणून तो विक्रेत्यांच्या तोंडी घालता येणार नाही, असे संघीय अपील न्यायालयाने 2012 मध्ये ठरवले. पुढच्या वर्षी शहराने कायदाच मागे घेतला.

शेजारच्या बर्कलीने यावरून धडा घेतला आणि 2015 मध्ये अधिक सावध मजकूर तयार केला. चालू फोन पँटच्या किंवा शर्टाच्या खिशात ठेवल्यास प्रारणांबाबतची संघीय मर्यादा ओलांडली जाऊ शकते, तेव्हा वापराच्या सूचना वाचाव्यात, एवढेच विक्रेत्याने ग्राहकाला कळवायचे होते. कर्करोगाचा उल्लेख त्यात नव्हता. लहान मुलांना धोका अधिक असल्याचे वाक्य न्यायालयाने सुरुवातीलाच वगळायला लावले. उरलेला मजकूर मात्र अपिलात दोनदा टिकला. अखेर 2020 मध्ये, मर्यादा पाळणारे फोन सुरक्षित आहेत अशी भूमिका घेणाऱ्या संघीय दूरसंचार आयोगाच्या धोरणाशी हा इशारा विसंगत ठरतो, या कारणावरून तोही रद्द झाला.

यातला विरोधाभास नजरेआड करता येत नाही. शरीराजवळ ठेवलेल्या फोनची चाचणी काही मिलिमीटर अंतर सोडून घेण्याची मुभा उत्पादकांना होती आणि ‘एवढे अंतर ठेवा’ ही सूचना त्यांच्याच माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत छापलेली असे. तीच गोष्ट दुकानदाराने मोठ्या अक्षरांत सांगण्याला मात्र आक्षेप होता. तरीही सिगारेटशी तुलना मला पटत नाही. तंबाखूमुळे कर्करोग होतो हे निर्विवाद आहे. मोबाइलच्या लहरी आयनीकारक नाहीत, त्यांची ऊर्जा ‘डीएनए’चे बंध तोडण्याइतकी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये त्यांना ‘2बी’, म्हणजे कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवले, ते मर्यादित पुराव्याच्या आधारे.

भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून हँडसेटसाठी अमेरिकेइतकीच, 1 ग्रॅम ऊतींवर सरासरी काढलेली दर किलोग्रॅम 1.6 वॅटची मर्यादा लागू आहे. सिगारेटसारखा आरोग्याचा इशारा मात्र आपल्याकडे नाही. बहुतेक फोनवर *#07# डायल केल्यास त्या फोनचे मूल्य दिसते.

हा आकडा पाहून फोन निवडणे मात्र फारसे उपयोगाचे नाही. प्रयोगशाळेत फोन पूर्ण शक्तीने चालवून मोजलेले ते कमाल मूल्य असते आणि प्रत्यक्ष वापरात फोन आपली शक्ती सतत कमीजास्त करत असतो. त्यामुळे कमी ‘एसएआर’चा फोन लिफ्टमध्ये किंवा तळघरात रेंज शोधत असताना, टॉवरजवळ वापरलेल्या जास्त ‘एसएआर’च्या फोनपेक्षा अधिक ऊर्जा सोडू शकतो. अंतर वाढले की शोषण झपाट्याने घटते. तेव्हा काळजी घ्यायचीच असेल, तर लांबलचक बोलण्यासाठी स्पीकर किंवा वायरचा इअरफोन वापरावा आणि रेंज अगदी कमी असताना फोन कानाला लावून फार वेळ बोलू नये.