काकडीचं सँडविच आणि खानदानी मंडळी

"उच्चभ्रूंचा दांभिकपणा उघडा पाडणारं, पण भाषण न ठोकणारं एखादं विनोदी नाटक सुचवाल का?" असं तुम्ही विचारलंय. मी डोळे मिटून इंग्रजी नाटककार ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' सुचवेन.

कॉलेजात अभ्यासाला होतं म्हणून नाइलाजाने हातात घेतलं होतं. नाटकातल्या खानदानी लेडी ब्रॅकनेलपाशी पोचलो आणि हसू आवरेना, कारण ही बाई मी आमच्याच नात्यात पाहिली होती! तिच्या मुलीला मागणी घालणाऱ्या जॅकला, म्हणजे नाटकाच्या नायकाला, समोर उभा करून ती वही-पेन्सिल काढते. आपल्याकडचा कांदेपोह्यांचा कार्यक्रमच तो, फक्त परीक्षा मुलाची. सिगरेट ओढता का? हो म्हटल्यावर बाई खूश, पुरुषाला काहीतरी उद्योग हवाच! उत्पन्न किती, पैसा गुंतवलाय कशात, लंडनमधलं घर कुठल्या चौकात, सगळं जमत येतं. मग विषय निघतो आईबापांचा. तर हा तान्हा असताना व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात एका हँडबॅगेत सापडलेला. स्थळ बाद.

पुढे तिच्या भाच्याला जॅकच्या पालकत्वाखालची सेसिली आवडते. बाई नाक मुरडून निघालेली असते, आणि जॅक जाता जाता सांगतो की मुलीच्या नावावर १,३०,००० पौंड आहेत. बाई पुन्हा खाली बसते. आता नीट पाहिल्यावर मुलगी तिला फारच गोड वाटायला लागते. वर स्वतःबद्दल सांगते की, माझं लग्न झालं तेव्हा माझ्याकडे दमडी नव्हती, पण म्हणून मी काही अडून राहिले नाही.

आता काकडी. भाचा आल्जर्नन मावशीसाठी केलेली काकडीची सँडविचेस स्वतःच फस्त करतो. ती आल्यावर नोकर लेन शांतपणे सांगतो: बाजारात काकडीच नव्हती साहेब, रोख पैसे देऊनसुद्धा. (म्हणजे एरवी सगळी खरेदी उधारीवर!) हाच आल्जर्नन आधी कुरकुरलेला असतो की खालच्या वर्गाने आपल्याला चांगला आदर्श घालून दिला नाही, तर त्याचा उपयोग काय?

मला भावतं ते हे की नाटकात खलनायक नाही आणि कानउघाडणी करणारा शहाणाही नाही. जो तो आपल्या परीने अगदी तर्कशुद्ध बोलतो.

पहिला प्रयोग १४ फेब्रुवारी १८९५ ला लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात झाला. समोर बसलेली बडी मंडळी पोट धरून हसली. ५ एप्रिलला पुरुषांशी असलेल्या संबंधांवरून वाइल्डला अटक झाली. थिएटर चालवणारा नट जॉर्ज अलेक्झांडर, जो स्वतः जॅकची भूमिका करत होता, त्याने जाहिरातींवरून लेखकाचं नाव काढून टाकलं आणि प्रयोग मात्र आणखी काही आठवडे चालू ठेवले. 

जमलं तर मूळ इंग्रजीतूनच वाचा. अर्नेस्ट हे नाव आणि 'प्रामाणिक' या अर्थाचा इंग्रजी शब्द, दोन्हींचा उच्चार एकच. दोन्ही तरुण ते नाव खोटंच लावून फिरतात, आणि ही गंमत मराठीत आणायची म्हणजे नाव काय ठेवणार, सत्यवान?