उपरोध पडद्यावर कुठे हरवतो?

प्रश्न : मी पटकथालेखन शिकतो आहे. एका उपरोधिक कादंबरीवर पटकथा लिहून पाहिली. त्यात एकही महत्त्वाचा प्रसंग गाळला नाही आणि संवादही जसेच्या तसे ठेवले. तरीही मित्रांना ती वाचून दाखवली तेव्हा कुणालाच हसू आले नाही, उलट गोष्ट निव्वळ क्रूर वाटली. निवेदकाची वाक्ये व्हॉइसओव्हरमध्ये घातली तर हा दोष दूर होईल का?

उत्तर : आपण प्रसंग आणि संवाद दोन्ही जपलेत, पण अशा कादंबरीतला उपरोध बहुतेक वेळा निवेदकाच्या वाक्यात असतो, म्हणजे जे घडले ते आणि ते ज्या सुरात सांगितले तो सूर, या दोहोंमधल्या अंतरात. एक वाक्य घेऊ : ‘मालक फार दयाळू होते, नोकराच्या थोबाडीत मारण्यापूर्वी ते बोटातली अंगठी आठवणीने काढून ठेवत.’ यातला ‘दयाळू’ हा शब्द काढला तर मागे फक्त मारहाण उरते. कॅमेऱ्याजवळ असे विशेषण नसते. तो अंगठी काढणारा हात दाखवतो, मग उगारलेला हात, मग नोकराचा गाल; आणि खऱ्या माणसाचा गाल समोर दिसला की प्रेक्षक हसत नाही, कळवळतो. आपल्या मित्रांचेही तसेच झाले असावे.

आता हाच प्रसंग वेगळा मांडून पाहा. मालकाचा हात अंगठीकडे जाण्याआधीच दुसरा एक नोकर तबक पुढे धरून उभा आहे. अंगठी तबकात पडल्याचा बारीक आवाज होतो, कॅमेरा तबकावरच राहतो, थोबाडीत मारल्याचा आवाज चौकटीबाहेरून येतो आणि तबक तसूभरही हलत नाही. मूळ वाक्यातला एकही शब्द आता शिल्लक नाही, पण या घरात मारहाणीलाही शिष्टाचार आहे आणि तो सर्वांच्या अंगवळणी पडला आहे, हे बघणाऱ्याला कळते. रूपांतराचे खरे काम मला इथे दिसते, आणि ते प्रसंगागणिक नव्याने करावे लागते.

व्हॉइसओव्हर वर्ज्य नाही, पण तो चित्रातलेच पुन्हा सांगू लागला तर उपरोध मरतो. थॅकरे यांच्या १८४४ सालच्या ‘बॅरी लिंडन’ या कादंबरीत नायक स्वतःच आपली कहाणी फुशारक्या मारत सांगतो आणि वाचक त्याचे खोटे ओळखत जातो. स्टॅन्ली क्युब्रिक यांनी १९७५च्या चित्रपटात हे ‘मी’चे निवेदन काढून टाकले आणि एक तटस्थ, त्रयस्थ आवाज आणला, जो पुढे काय होणार हे अनेकदा आधीच सांगून टाकतो. त्यामुळे नायक मोठ्या आशेने धडपडत असताना त्याचा शेवट आपल्याला ठाऊक असतो. अंतर राहिले, फक्त त्याची जागा बदलली.

पर्सिव्हल एव्हरेट यांच्या २००१ सालच्या ‘इरेझर’ या कादंबरीत नायक लेखक चिडून एक भडक कादंबरी लिहितो आणि ती अख्खी वाचकासमोर छापलेली असते. पडद्यावर कुणी पाने वाचत बसणार नाही. कॉर्ड जेफरसन यांच्या ‘अमेरिकन फिक्शन’ (२०२३) या चित्रपटात म्हणून ती पात्रे लिहिणाऱ्याच्या खोलीतच अवतरतात, संवाद म्हणतात आणि मध्येच थांबून पुढे काय बोलायचे ते त्यालाच विचारतात. या पटकथेला सर्वोत्कृष्ट रूपांतरित पटकथेचे ऑस्कर मिळाले.

प्रश्न : मग नटांनी अभिनय थोडा विनोदी अंगाने करावा का?

उत्तर : नाही. उपरोधिक कथेतल्या पात्राला आपण हास्यास्पद आहोत याची कल्पनाच नसते. आपला मालक स्वतःला मनापासून दयाळू समजतो. नटाने डोळे मिचकावले तर प्रेक्षकाच्या शोधण्याजोगे काही उरत नाही. पटकथेत कंसात ‘मिश्किलपणे’ असे जिथे जिथे लिहिले असेल, तिथे तो शब्द आधी खोडा आणि मग प्रसंग पुन्हा वाचून पाहा.