भर भरतीलाच सैन्य का उतरवत नाहीत?

पाणी किनाऱ्याला लागलं की चालायचं अंतर कमी, हा तुमचा तर्क बरोबर आहे. पण शत्रूचे अडथळे मग पाण्याखाली लपतात आणि ओहोटी लागली की टेकलेली बोट तिथेच अडकते. म्हणून 6 जून 1944 ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर ओहोटी संपून पाणी चढू लागताच उतरलं: अडथळे उघडे आणि रिकामी बोट चढत्या पाण्यावर सुटणार. छत्रीधारी सैनिकांना रात्री चांदणं हवं होतं. पौर्णिमेने दोन्ही साधलं: चांदणं आणि उधाण, म्हणजे भरती-ओहोटीतला मोठा फरक.

उलट पॅसिफिकमधलं तारावा बेट, 20 नोव्हेंबर 1943, जपान्यांविरुद्ध अमेरिकन सैन्य. अष्टमीच्या सुमाराची भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती. सैनिकांनी भरलेल्या हिगिन्स बोटीला (किनाऱ्यावर उतरवणाऱ्या सपाट बोटीला) सुमारे 4 फूट पाणी लागे, प्रवाळाच्या कडेवर जेमतेम 3. बोटी तिथेच अडल्या आणि सैनिक मशीनगनच्या माऱ्यात साधारण 500 यार्ड पाण्यातून चालत गेले. पट्ट्यांवर चालणारी उभयचर वाहनंच कडा ओलांडू शकली.

उधाण आणि भांग यांतला फरक वरळी कोळीवाड्यात कुणीही सांगेल. नकाशावर न दिसणारा वाळूचा दांडा मात्र त्याहून घातक. डिसेंबर 1971 च्या युद्धात आजच्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला आपली जहाजं त्यावरच टेकली. पलीकडे पुन्हा खोल पाणी होतं, पाठीवर ओझं घेऊन उतरलेले काही जवान त्यात बुडाले.