बंद घरातून तांबं-पितळ गेलं, आता काय करावं?

दादा, तुम्ही लिहिलंत की तुमचं राजापूरकडचं घर शिमग्यानंतर बंद होतं. मे महिन्यात उघडलं तर न्हाणीतला तांब्याचा बंब, विहिरीवरच्या पंपाची केबल आणि पडवीतल्या जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गायब. घरचे म्हणतात, भंगारच तर गेलं, तक्रार कशाला? मी म्हणेन, तक्रार कराच.

घराला कुलूप असलं तरी घरातली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली येते, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणाराही कलम ३१७ खाली अडकतो. तुम्ही मुंबईला परतला असाल तर तिथल्या ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी घेतली जाणारी तक्रार, नोंदवता येतो. ऑनलाइन कळवलंत तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदवून घेतलाच नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी कळवा.

पण उशीर नको. तांबं एकदा वितळलं की ते तुमचं होतं हे कुणीच सांगू शकत नाही. आपल्या आज्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी नाव घालून घ्यायच्या, ते आज उपयोगी पडेल. बंबावर कुणाचं नाव होतं, तोटीला डाग कुठे दिलेला, पोचा कुठल्या अंगाला होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तक्रारीत लिहा. गणपतीतल्या फोटोंत मागे कुठे बंब दिसतोय का, तेही बघा. केबल चोरणारे प्लास्टिक जाळून तार काढतात. आसपासच्या काजूच्या बागेत काळा डाग दिसला तर पंचनामा होईपर्यंत त्याला हात लावू नका. पोलीस पाटलांना सोबत घ्या. आणि दारावर येणाऱ्या प्रत्येक भंगारवाल्यावर संशय घेऊ नका. घर कधी बंद असतं हे वाडीतल्यांनाही ठाऊक असतं.

उरलेली भांडी माजघरात कुलपात ठेवा, प्रत्येकावर नाव घाला, फोटो काढा. पंप उचलून आत घ्या, त्याचा नंबर लिहून ठेवा.

फ्रिजचा सांगाडा पडवीत ठेवू नका, जाळूही नका, त्यातल्या फोमचा धूर विषारी असतो. पंचनामा झाला की नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला द्या. यापुढे जुना फ्रिज बंद पडला तर नवा घेताना एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. कॉम्प्रेसर घरी कापून काढायला जाऊ नका: हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए हा गॅस असतो, आणि तो पेट घेतो.