तुमचे प्रश्न : एजंटच्या टूलचं डॉक्युमेंटेशन तपासायचं कसं?

प्रश्न : आम्ही बँक शाखांची माहिती शोधून देणारं एक टूल केलं आहे. शाखेचं नाव किंवा आयएफएससी (पैसे पाठवताना लागणारा शाखेचा कोड) दिला की पत्ता आणि एमआयसीआर (चेकवर छापलेला शाखेचा कोड) मिळतो. एआय एजंट, म्हणजे ग्राहकाच्या प्रश्नाला स्वतःच टूल वापरून उत्तर देणारा प्रोग्राम, ते वापरतो. टूल कसं वापरायचं ते एजंटला सांगणारी चार पानी माहिती वाचणारे सगळे ‘छान आहे’ म्हणतात, तरी एजंट मधूनच भलतीच शाखा सांगतो. लिखाणाचा दर्जा मोजायचा कसा?
– एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : वाचून गुण देणं आधी थांबवा. मजकुरात राहून गेलेलं माणूस स्वतःच्या माहितीतून भरून काढतो. एजंट ते अंदाजाने भरतो आणि अंदाज केल्याचं बऱ्याचदा सांगतही नाही. ‘शिवाजीनगर शाखा’ म्हटलं की पुणेकराला प्रश्न पडत नाही, पण शिवाजीनगर बेंगळुरूतही आहे. शहर न देता नुसतं शाखेचं नाव चालतं का? एकाहून जास्त शाखा जुळल्या तर सगळ्या परत येतात की पहिलीच? नाव देवनागरीत दिलं तर सापडतं का? ही तीन उत्तरं तुमच्या चार पानांत शोधा. भलत्या शाखेचं मूळ बहुधा तिथेच निघेल.

मोजणी प्रश्नसंचावर करा. ग्राहक खरोखर विचारतात त्यातले तीसेक प्रश्न सुरुवातीला पुरतात. निम्मे सरळ ठेवा. उरलेल्यांत काही दोन अर्थ निघणारे, काही डेटात उत्तरच नसलेले आणि काही या टूलला विचारूच नयेत असे, म्हणजे गृहकर्जाचा व्याजदर वगैरे. एजंटमागचं एआय मॉडेल दर वेळी तसंच वागेल याची खात्री नसते, म्हणून प्रत्येक प्रश्न निदान पाच वेळा चालवा. लॉगमधून, म्हणजे एजंटने काय काय केलं त्याच्या नोंदीतून, चार गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा : टूल वापरलं का, पॅरामीटरमध्ये (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्यांत) काय भरलं, परत आलेली माहिती नीट वाचली का, आणि शेवटचं उत्तर. नुसतं शेवटचं उत्तर पाहिलं तर चूक लिखाणाची की डेटाची हे कळत नाही.

मग चार पानांतली वर्णनं काढून फक्त पॅरामीटरची नावं ठेवा आणि तोच संच पुन्हा चालवा. निकाल तेवढाच आला तर एक तर प्रश्न सोपे आहेत, नाही तर मॉडेल स्वतःच्या आठवणीतून उत्तर देतंय. आठवणीची शंका असेल तर चाचणीच्या डेटात एक काल्पनिक शाखा घाला. तिचा पत्ता बरोबर आला म्हणजे टूल खरंच वाचलं गेलं.

आयएफएससीचं वर्णन ‘बँकेचा कोड’ एवढंच असेल तर ते कुचकामी आहे. असं लिहा : ‘11 अक्षरं, पहिली 4 बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची 6 शाखेची.’ पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाइप होणं ही रोजची चूक आहे. ती टूल सुधारून घेतं की नाकारतं, तेही नमूद करा. पुण्यातल्या शाखांचा एमआयसीआर 411 ने सुरू होतो आणि पिनकोडही. एक 9 अंकी, दुसरा 6 अंकी. हा फरक लिहिला नाही तर एजंट एकाच्या जागी दुसरा भरू शकतो.

सर्वांत जास्त लक्ष द्या ते ‘सापडलं नाही’ या उत्तराकडे. सिंडिकेट बँक 1 एप्रिल 2020 ला कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने आयएफएससी 1 जुलै 2021 पासून बंद झाले. ग्राहकाच्या जुन्या पासबुकावर मात्र तो कोड अजून असतो. टूलने रिकामी यादी दिली की एजंट ‘अशी शाखाच नाही’ असं ठामपणे सांगून मोकळा होतो. कोडचा साचा चुकला, नोंद नाही, कोड बंद झाला, सर्व्हरने उत्तर दिलं नाही : या चार स्थितींना चार वेगळे संदेश हवेत आणि प्रत्येकात पुढे काय करायचं ते हवं. डेटा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, हेही द्या. एका वेळी 20 च नोंदी येत असतील तर एकूण किती जुळल्या तो आकडा सोबत पाठवा. नाही तर पुण्यात त्या बँकेच्या 20 च शाखा आहेत, असं ग्राहकाला सांगितलं जाईल.

दुरुस्ती एका वेळी एकच करा. संचातले दहाएक प्रश्न शेवटच्या तपासणीसाठी बाजूला राखून ठेवा आणि त्यांकडे पाहून मजकूर लिहू नका. टूलचं वर्णन सहसा मॉडेलला दर विनंतीसोबत जातं, त्यामुळे ज्या वाक्याने निकाल बदलत नाही ते काढून टाका.

प्रश्न : हे लिखाण एआयकडूनच लिहून घेतलं आणि त्यालाच तपासायला दिलं तर?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पहिला खर्डा टूलच्या प्रोग्रामच्या कोडवरून जरूर करून घ्या. पण डेटात काय नाही, कोणत्या नोंदी जुन्या आहेत, हे कोडमध्ये नसतं. ते डेटा भरणाऱ्या सहकाऱ्याला विचारूनच लिहावं लागतं. तपासणीत मॉडेल सफाईदार मजकुराला सढळ हाताने गुण देतं. म्हणून त्याला गुण विचारू नका. ‘हे वाचून कोणते प्रश्न अनुत्तरित राहतात?’ असं विचारा आणि आलेले प्रश्न वरच्या संचात घाला.