टॉर्टिला की टोर्टिया, आणि दोन टाको की टाकोज?

प्रश्न असा आला आहे: शनिवारी रात्री पुण्यातले सातआठ जण मिळून मेक्सिकन जेवायला जायचं ठरवतायत. एक ठिकाण कोरेगाव पार्कातलं, दुसरं बाणेरचं. कुठे जायचं ते ठरायच्या आधी शब्दांवरूनच वाद झाला. निम्मे जण ‘टॉर्टिला’, ‘क्वेसाडिला’ (चीज भरून दुमडलेली टॉर्टिला) म्हणतात, बाकीचे ‘टोर्टिया’, ‘केसादिया’. बरोबर काय? मराठीत हे शब्द तो की ती? ‘दोन टाको’ (सारण घालून दुमडलेल्या टोर्टिया) की ‘दोन टाकोज’? टोर्टियाला ‘मक्याची पोळी’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘मेक्सिकन हॉटेल’ म्हणणं चूक आहे का?

शेवटच्या शंकेचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी. चूक मुळीच नाही. मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे खायचं ठिकाण, राहायचं असेल तर आपण लॉज म्हणतो. हा अर्थ मराठीनं स्वतः घडवलेला आहे, तो इंग्रजी कोशावरून तपासायचं कारण नाही. ‘खाणावळ’ म्हटलं की महिन्याचा डबा आणि ठरलेलं ताट डोळ्यांसमोर येतं. ‘उपाहारगृह’ म्हणजे फराळाची जागा, रात्रीच्या भरपेट जेवणाला तो शब्द तोकडा पडतो. तो लिहायचाच असेल तर ‘पा’ लिहा. पाट्यांवर सर्रास ‘उपहारगृह’ दिसतं, पण उपहार म्हणजे भेटवस्तू.

आता मूळ वाद. स्पॅनिशमध्ये दोन एल शेजारी आले की मेक्सिकोत त्यांचा उच्चार ‘य’ होतो. क्यू आणि यू यांच्यापुढे ए किंवा इ हा स्वर आला तर ऐकू येतो तो फक्त ‘क’, ‘क्व’ नाही. म्हणून टोर्टिया आणि केसादिया. ‘टॉर्टिला’ आणि ‘क्वेसाडिला’ हे शब्द कुणाच्या तोंडून ऐकून आपल्याकडे आलेले नाहीत. रोमन अक्षरं पाहून, त्यांना इंग्रजीचे नियम लावून ते तयार झाले. माझ्या मते या वादातली खरी गोष्ट हीच आहे: शब्द कानांनी आला की डोळ्यांनी.

कानांनी आलेल्या शब्दांची मराठीत मोठी परंपरा आहे. पोर्तुगीज ‘बाल्द’ची बादली झाली, ‘मेस्त्र’चा मेस्त्री, ‘फीता’ची फीत, ‘ताबाको’चा तंबाखू, ‘पाद्र’चा पाद्री. या सगळ्यांत त आणि द आहेत, ट आणि ड नाहीत. पोर्तुगीज माणूस हे उच्चार जीभ दातांना लावून करतो, आपल्या माणसांनी ते तसेच ऐकले आणि तसेच उचलले. बटाटा तेवढा निसटला. इंग्रजी शब्दही कानांनी आला की मऊ व्हायचा: टिकेटचं तिकीट झालं, आणि जुनी माणसं डॉक्टरला डाक्तर म्हणायची. पुढे शाळेतून, छापील पानावरून इंग्रजी यायला लागली आणि तिथल्या प्रत्येक टी-डीला आपण ट-ड ठरवून टाकलं.

स्पॅनिशही पोर्तुगीजसारखीच दंत्य. त्यामुळे काटेकोर लिहायचं तर ताको, तोर्तिया, केसादिया, एन्चिलादा. देवनागरीत हे उच्चार जवळजवळ जसेच्या तसे उतरतात. इंग्रजीला ही सोय नाही, आपल्याला आहे, आणि ती असूनही आपण इंग्रजीच्या वळणानं जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरीही ‘ताको’चा आग्रह मी धरणार नाही. टाको आणि टोर्टियातला ट आता रुळला आहे, आणि रुळलेल्या शब्दाला मान द्यावा लागतो. देशाचं नावच बघा ना. तिथले लोक ‘मेहिको’ म्हणतात, आपण मेक्सिको म्हणतो आणि म्हणत राहू. पण ट-तचा फरक हेलाचा आहे, ‘ला’ आणि ‘या’चा फरक चुकीच्या वाचनाचा. तेव्हा ‘या’ सोडू नका. ‘केसादिया’ अजून कुठल्याच रूपात पक्का झालेला नाही, तोवर त्यातला द वाचवता आला तर वाचवा. आणि ‘जलापिनो’ला कृपया हालापेन्यो म्हणा. वेराक्रूझ राज्यातल्या हालापा या गावावरून त्या मिरचीला नाव पडलं आहे, ‘ज’ म्हटलं की गावच हरवतं.

लिंगाकडे वळू. ओकारान्त परके शब्द मराठीत बहुधा पुल्लिंगी होतात आणि अनेकवचनात बदलत नाहीत: तो फोटो, ते फोटो, तो टोमॅटो, दोन टोमॅटो. त्याच चालीनं तो टाको, दोन टाको. मंडईत आपण ‘अर्धा किलो टोमॅटोज’ मागत नाही, मग ‘टाकोज’ कशाला? विभक्तीही सरळ लागते: टाकोत, टाकोवर, टाकोला. बुरिटोचंही तसंच. (बुरिटो म्हणजे सारण भरून गुंडाळलेली टोर्टिया, मूळ स्पॅनिशमध्ये मात्र या शब्दाचा अर्थ छोटं गाढव.)

टोर्टिया मात्र ती. स्पॅनिशमध्ये ती स्त्रीलिंगी आहे, पण ते आपल्यावर बंधनकारक नाही. आपलं कारण आपल्याच घरात आहे: ती पोळी, ती भाकरी, म्हणून ती टोर्टिया. बस ‘ती’ झाली ती गाडीमुळेच. आणखी एक जुळणी मला फार आवडते. ‘तोर्ता’ला ‘इया’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागून ‘तोर्तिया’ होते, म्हणजे छोटी तोर्ता. आपणही लहानपणा दाखवायला स्त्रीलिंगच वापरतो: सुरा–सुरी, पळा–पळी, लोटा–लोटी, गाडा–गाडी. अनेकवचन ‘क्रिया’सारखं, न बदलणारं: एक टोर्टिया, चार टोर्टिया. व्याकरणाच्या चालीनं ‘टोर्टियेत’ व्हायला हवं, पण कानाला ‘टोर्टियात’ जवळचं वाटतं, आणि नव्या शब्दाला इतकी मोकळीक द्यायला माझी हरकत नाही. साल्सा दोन्हीकडे जाईल. सॉस मनात असेल तर तो, चटणी मनात असेल तर ती. ‘साल्सा सॉस’ मात्र नको, साल्साचा अर्थच सॉस.

मग टोर्टिया म्हणजे मक्याची पोळी का नाही? मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यातच भिजत ठेवतात, साल सुटली की धुऊन वाटतात. आपण कोहळ्याच्या पेठ्याला चुन्याचं पाणी वापरतो, ते आठवा. चुन्यामुळे पीठ एकजीव होतं, वेगळा वास येतो आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकतं. अशा चुन्यात शिजवलेल्या मक्याला मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नावाट्ल भाषेतून आलेला शब्द आहे ‘निश्तमाल’. आपल्या मक्याच्या भाकरीत हे काहीच नसतं. ‘मक्याची पोळी’ म्हटलं तर वाचणारा भलत्याच चवीची अपेक्षा करेल.

खरं तर टोर्टिया हेही तिचं मूळ नाव नाही. नावाट्लमध्ये ती ‘त्लाश्काल्ली’. स्पॅनिश लोकांनी तिला आपल्या खाद्यातला ओळखीचा शब्द चिकटवला, आणि स्पेनमध्ये टोर्टिया म्हणजे आजही बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट. तिकडच्या ‘चिल्ली’चं आपणही तेच केलं. नवी तिखट शेंग आली तेव्हा घरातल्या मिरीवरून तिला मिरची म्हटलं. टोमॅटोचं नाव मात्र नावाट्ल ‘तोमात्ल’पासून स्पॅनिश आणि इंग्रजीच्या वाटेनं आपल्यापर्यंत आलं. तेव्हा मेक्सिकन जेवणातले शब्द पुण्याच्या स्वयंपाकघराला नवखे आहेत असं समजू नका.

कोरेगाव पार्क की बाणेर, हे तुमचं तुम्ही ठरवा, पण ठरवायच्या आधी दोन्हीकडे फोन करून एवढंच विचारा: ‘टोर्टिया मक्याच्या आहेत की मैद्याच्या?’ गव्हाच्या टोर्टिया उत्तर मेक्सिकोत घरोघरी होतात, बुरिटोला त्याच लागतात, त्यामुळे मैदा म्हणजे फसवणूक नव्हे. पण टाको मक्याच्या टोर्टियात खावा. आणि फोनवरच्या माणसाला ‘टोर्टिया’ कळलं नाही तर खुशाल ‘टॉर्टिला’ म्हणा, टेबल मिळणं महत्त्वाचं.