“बारावी तरी होऊ दे”: आयटीआयचा निर्णय नेमका कुठे अडतो

दहावीचा निकाल लागला की पालकांचं एक वाक्य हमखास कानावर येतं, “बारावी तरी होऊ दे, मग बघू.” त्याच आठवड्यात आयटीआयचे निदेशक, म्हणजे तिथे ट्रेड शिकवणारे, भेटले की ते म्हणतात, “जागा आहेत हो मॅडम, पोरं येत नाहीत.” दोघांच्या काळजीचं मूळ एकच आहे, असं माझं मत होत गेलंय. खालचं बोलणं एका घरातलं नाही. सिंधुदुर्गातल्या बऱ्याच घरांतलं ते एकत्र केलंय.

माझ्याकडे सल्ल्याला आलेली मालवण तालुक्यातली आई आणि मुलगा. दहावीला ५८ टक्के. मुलाला विजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन व्हायचंय. आई म्हणाली, “भावोजी म्हणतत, अकरावी सायन्सक घाला. माका काय कळता? शेजारचो झिल कॉलेजात आणि आमचो आयटीआयक, लोक काय म्हणतले?”

मार्कांचा विषय मी काढलाच नाही. मुलाला विचारलं, “घरात शेवटचं काय दुरुस्त केलंस?”

“विहिरीवरचा पंप. नुसता हुं-हुं करत होता, फिरत नव्हता. मागचा पंखा काडीने ढकलला तर फिरायला लागला. म्हणजे कपॅसिटर गेलेला. जुन्यावरचे मायक्रोफॅरॅड बघून तेवढ्याचाच आणला.”

निदान चोख होतं. सिंगल फेज मोटरला सुरू व्हायला कपॅसिटरचा आधार लागतो. तो गेला की बाहेरून गती दिल्याशिवाय ती फिरत नाही. पण चालू पंपाच्या पंख्यात काडी घालणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि जुना कपॅसिटर काढण्याआधी तो डिस्चार्ज करायचा, म्हणजे त्यात साठलेली वीज उतरवायची असते हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. या मुलाला शिकवणारा माणूस हवाय तो एवढ्यासाठी.

आई त्याच्याकडे बघत राहिली. “ह्या कधी केलंस तू?”

आई वळली होती, तरी निर्णय झाला नाही. होणारही नव्हता, कारण निर्णय घेणारा माणूस, म्हणजे भावोजी, मुलाचे काका, डोंबिवलीला होते. कोकणात हे ध्यानात घ्यावंच लागतं. फी काका भरणार, पुढे नोकरीला काका लावणार, मग शब्दही काकांचाच. मुलगा सुटा बघून चालत नाही, अख्खं घर बघावं लागतं, या विचाराची मी आहे. म्हणून पुढच्या भेटीत काकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“मॅडम, मी स्वतः फिटर आहे. आयटीआय करून कंपनीत लागलो, कंपनी बंद पडली. ह्याला पण तेच करायला सांगू?”

अशा वेळी आकडेवारी आणि योजना सांगत सुटलं की समोरचा जास्तच घट्ट होतो. त्यांचा विरोध माहितीअभावी नव्हताच, भोगलेल्यातून आला होता. मी एवढंच विचारलं, “कंपनी बंद झाल्यावर घर कशावर चालवलंत?”

बराच वेळ उत्तर नाही. मग म्हणाले, “सोसायट्यांची कामं घेतली. पाण्याचे पंप, पाइपलाइन. हात तयार होता ना.” थोडं थांबून, “पण सुपरवायझर कधी झालो नाही. डिप्लोमावाली पोरं येऊन डोक्यावर बसली.”

गाठ इथे होती. “आयटीआय नको” या सरसकट नकारातून एक नेमकी तक्रार बाहेर आली होती, ती म्हणजे पुढची वाट बंद होते. या तक्रारीला उत्तर आहे. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे व्यवसाय अभ्यासक्रम, पूर्ण केला की इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. शासकीय तंत्रनिकेतन मालवणातच आहे. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. शिवाय आयटीआयसोबत राज्य मंडळाचे भाषा विषय दिले की बारावीची समकक्षता मिळते, म्हणजे “बारावी तरी” हेही साधतं. फक्त ट्रेड निवडताना मुदत बघायची. विजतंत्री, जोडारी म्हणजे फिटर, हे दोन वर्षांचे आहेत, संधाता म्हणजे वेल्डर एक वर्षाचा. एक वर्षाच्या ट्रेडवर डिप्लोमाची ती थेट वाट धरता येईल असं गृहीत धरू नका. घरी हे कुणी बोलत नाही आणि पुढे पोरगं अडतं.

काकांचा पुढचा प्रश्न होता, “फॉर्म कधी निघतात?” असा प्रश्न आला की मी फार बोलत नाही.

आता शाळा आणि आयटीआयवाल्यांसाठी. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. अशा ठिकाणी “नापास झालात तर आयटीआय आहेच” असं वर्गात सांगणं म्हणजे आपल्याच जागा रिकाम्या ठेवणं, कारण नापास होणारी मुलं मुळात थोडी. आणि पास झालेला कुणी नापासांच्या रांगेत उभा राहील का?

माहितीची सभा जूनमध्ये घेऊ नका. तोवर चाकरमानी मुंबईला परतलेले असतात. गणपतीत, शिमग्यात किंवा मे महिन्यात, वाडीतल्या देवळात आरतीनंतर अर्धा तास मागून घ्या. भाषणाला प्राचार्य नकोत, त्याच गावचा दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा आणा. त्याला काका काय विचारतात ते ऐका, पुढच्या सभेची तयारी त्यातूनच होते.

नववीच्या मुलांना वर्कशॉप दाखवायला नेतात तेही बहुधा फुकट जातं. साठ जणांची रांग बंद मशिनींसमोरून फिरते आणि बिस्किटं खाऊन घरी जाते. त्याऐवजी एका टेबलाला चार मुलं बसवा. दोन टू-वे स्विच, एक छोटा एलईडी रेझिस्टरसकट, ९ व्होल्टची बॅटरी आणि वायर द्या, आणि जिन्याचा दिवा जोडायला सांगा, म्हणजे खालून लावायचा, वरून बंद करायचा. पहिल्या खेपेला बहुतेकांचा दिवा एकाच स्विचवर चालतो, कारण कॉमन टर्मिनल चुकतं. ते शोधताना कोण रमतं यावर निदेशकांनी नजर ठेवावी. मुलींना वेगळं टेबल द्या, नाहीतर स्क्रूड्रायव्हर मुलांच्याच हातात राहतो.

पालकांच्या हातात एकच कागद असावा. ट्रेडची मुदत, वर्षातले तास (विजतंत्रीला पहिल्या वर्षी ८४० प्रात्यक्षिकाचे आणि २४० थिअरीचे), पुढच्या वाटा, आणि गावातून निघणारी पहिली एसटी वेळेत पोचते का. ही शेवटची ओळ छापील माहितीपत्रकात नसते, आणि प्रवेश घेतलेली मुलं गळतात ती बरेचदा तिच्यामुळे.

फॉर्म भरतानाही जागा जातात. पसंतीक्रमात पहिल्या नंबरला टाकलेली जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. त्यामुळे पहिल्या नंबरला “असू दे” म्हणून काही टाकू नये. दुसरी अडचण दाखल्याची. जपून असावं म्हणून अकरावीला प्रवेश घेतला की शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा होतो, आणि आयटीआयची यादी लागते तेव्हा तो परत मिळवायला आठवडा जातो. मुदत तेवढ्यात संपते. शाळेने दाखला देतानाच याची कल्पना द्यावी, आणि आयटीआयने यादी लागल्याच्या दिवशी प्रत्येक घरी फोन करावा. नंबर मागताना आईचा घ्याच, मुंबईचाही घ्या.